बिरोबाच्या बनाला फाटक

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली, संक्रांतीला दोन दिवस असताना, बिराप्पा मेटकरी पलटणीतून कायमचा घरी आला. सतरा वर्षं नोकरी करून नाईक म्हणून तो पेन्शनीत निघाला होता आणि त्या सतरा वर्षांतली बहुतेक त्यानं फाटकावर उभं राहून काढली होती. पंजाबातलं फाटक, आसामातलं फाटक, एकदा तर बर्फातलं फाटक, ज्याच्या आत काही नव्हतं आणि बाहेरही काही नव्हतं. फाटकाच्या आत काय आहे हे राखणाऱ्यानं विचारायचं नसतं, एवढी एक गोष्ट तो पक्की शिकला होता.

त्याचं गाव हिवरदरा. आटपाडीपासून एसटीनं तासभर आणि मग माळावरून दीड कोस पायी. साठ उंबऱ्यांची धनगरवाडी. मेंढरं, बाजरी, आणि पाऊस झालाच तर थोडी ज्वारी. माणसं कुणाला नियम सांगत नव्हती आणि कुणी सांगितला तर हो म्हणून आपल्या वाटेनं जात होती. अशा गावात बिराप्पा आला आणि आठ दिवसांत त्याच्या बायकोला, बयाबाईला, पळता भुई थोडी झाली. त्यानं तिची भांडी उंचीप्रमाणं उभी केली. कोंबड्यांची सकाळ-संध्याकाळ हजेरी सुरू केली, आणि एक कोंबडी खुडूक होऊन बसली तर तिला विनापरवाना गैरहजर ठरवलं. बयाबाई पाणी घेऊन दारात आली की तो आडवा होऊन विचारायचा, "थम, कौन आता है?" पहिल्या दिवशी ती हसली. चौथ्या दिवशी तिनं घागर त्याच्या पायावर ओतली आणि तशीच गावचे म्होरके आप्पासो यांच्या घरी गेली.

"आप्पा," ती म्हणाली, "ह्या माणसाला कुठंतरी उभा करा. घरात उभा ऱ्हायला तर मी म्हायेरी जाईन."

आप्पासो सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, आणि कुठल्याही गोष्टीची घाई नसलेले गृहस्थ होते. त्यांनी विचार करतो म्हणून सांगितलं. पण विचार करायची पाळी त्यांच्यावर आलीच नाही, कारण त्याच आठवड्यात जंगल खात्याचा एक साहेब जीप घेऊन बिरोबाचं बन बघायला आला.

हे बन म्हणजे गावाच्या उशाला असलेलं वीसेक एकर रान. चहूकडं उघडा माळ, आणि मधेच ही हिरवी गर्दी. बोरी, चिंचा, सीताफळी, कवठ, लिंब, हिवर, आणि ऐन मधोमध बिरोबाचं जुनं ठाणं. बहात्तरच्या दुष्काळात माळावर काडी उरली नव्हती, तेव्हाही बन उभं होतं आणि गावानं दोन महिने त्यातल्या पाल्यावर, शेंगांवर आणि डिंकावर दिवस काढले होते. साहेबानं चष्मा काढून पुसला आणि हे राखतं कोण, असं विचारलं. आप्पासो म्हणाले, कुणीच नाही. मग कायदा काय? तर कायदा चार गोष्टींचा. लोखंडाचं पातं आत न्यायचं नाही. जे खायचं ते तिथंच बसून खायचं, ओटीत भरून घरी न्यायचं नाही; पोटुशी बाई असेल तर तिला सूट. बी बनातच टाकायची. आणि पाऊस लागला की मेंढरं-शेरडं बाहेर, दसरा झाला की आत. एवढंच.

साहेबाला ते फार आवडलं. जाताना त्यानं सहज म्हणून सांगितलं, की इतकं चांगलं रान आहे, एखादा राखणदार नेमा. आप्पासोंनी मान वळवून जमलेल्या बायांतल्या बयाबाईकडं बघितलं. बयाबाईनं हात जोडले.

अशा रीतीनं बिराप्पा बिरोबाच्या बनाचा राखणदार झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो इस्तरी केलेला खाकी गणवेश, दोन्ही पदकं आणि गळ्यात शिट्टी अशा थाटात बनापाशी हजर झाला आणि फाटक शोधायला लागला. बनाला फाटकच नव्हतं.

फाटक नाही तर राखायचं काय? त्यानं आटपाडीच्या बाजारातून दोन वासे आणि एक बल्ली आणली, गावाकडच्या अंगाला दोन्ही वासे रोवले आणि बल्ली आडवी टाकली. फाटक झालं. कुंपण नव्हतं. फाटकाच्या उजवीकडं माळ मोकळा होता, डावीकडंही मोकळा होता. पहिल्या दिवशी सरपणाला निघालेल्या बाया फाटकाला वळसा घालून आत गेल्या. बिराप्पानं शिट्टी मारून त्यांना बाहेर बोलावलं, बल्ली उचलली, एकेकीला फाटकातून आत घेतलं आणि बल्ली खाली टाकली. बायांना वाटलं, नवा काही देवाचा विधी असेल. दोघींनी फाटकाला हळदकुंकू वाहिलं.

मग त्यानं पाटी रंगवून आणली. आटपाडीचा रंगारी घाईत होता, त्याच दिवशी त्याला तीन दुकानांच्या पाट्या द्यायच्या होत्या. पाटीवर 'येथील बोरे तोडू नयेत' असं पाहिजे होतं. रंगाऱ्यानं 'येथील बोरे सोडू नयेत' असं लिहून दिलं. बिराप्पानं ती लावली आणि वाचली नाही, कारण त्यात काय आहे हे त्याला ठाऊक होतं. गावातल्या ज्यांना अक्षरओळख होती त्यांनी ती वाचून बाकीच्यांना सांगितली. चार दिवसांत बनाच्या त्या अंगाला औषधाला बोर राहिलं नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा खाऊन खाऊन कण्हत होत्या, पण सरकारी आज्ञा मोडायची कशी, म्हणून खात होत्या. बिराप्पाला कळलं तेव्हा त्यानं डांबर आणून 'सो' पुसून टाकला. त्यानंतर कित्येक महिने पाटीवर 'येथील बोरे डू नयेत' असं होतं, आणि डूणं म्हणजे काय यावर गावात दोन तट पडले.

बिराप्पानं यातून धडा घेतला की नियम कमी पडतात. त्यानं एक वही केली आणि चार जुन्या कायद्यांच्या खाली नवे घालायला सुरुवात केली. झाडाखाली दोनापेक्षा जास्त माणसांनी बसू नये. बनात मोठ्यानं हसू नये. फळ पडलेलं असेल तरी पडलेलंच राहू द्यावं. थुंकू नये. शिट्टी झाली की असेल तसं बनाबाहेर व्हावं. शेरडं-मेंढरं बारा महिने बंद. नियम मोडला तर डोक्यावर धोंडा घेऊन ठाण्याला तीन फेऱ्या. ही शिक्षा पहिल्यांदा आप्पासोंनाच झाली, हसल्याबद्दल. सत्तर वर्षांचा माणूस धोंडा घेऊन बिरोबाभोवती फिरताना बघून लोकांना वाटलं नवस फेडतायत, आणि मागं अकरा माणसं धोंडे घेऊन फिरायला लागली.

सगळ्यात कहर झाला तो परवलीचा. पहाटे ठाण्यावर पाणी घालायला पुजारी नाथाजी यायचा. त्याला आत सोडण्याआधी बिराप्पा परवलीचा शब्द विचारायचा. शब्द रोज बदलायचा, आणि परवल गुपित असते म्हणून तो त्यानं कुणालाच सांगितलेला नव्हता. नाथाजी बिचारा कळशी घेऊन उभ्या उभ्या अंदाज करायचा. देव कधी नऊला न्हायचा, कधी अकराला. पुढं नाथाजीच्या ध्यानात आलं की राखणदार पहाटेपासून उपाशी उभा असतो आणि शब्द बहुतेक वेळा खायचा असतो. मग तो 'भाकरी, कालवण, ठेचा, कांदा' असं एका दमात म्हणायला लागला आणि देवाची अंघोळ वेळेवर आली.

पण बाकीच्यांना एवढा धीर नव्हता. बोर खायला जायचं तर बल्ली, शिट्टी, धोंडा. त्यापेक्षा नको ते बोर. हळूहळू माणसं यायची बंद झाली. चौऱ्याहत्तरचा पाऊस बरा झाला, पंचाहत्तरचा त्याहून बरा. बनात गवत कमरेला लागलं. बिराप्पा फाटकावर उभा राहून आत बघायचा आणि त्याचं मन भरून यायचं. एक चिटपाखरू आत गेलेलं नाही असं तो बयाबाईला जेवताना सांगायचा. चिटपाखरं अर्थात जात होती. त्यांच्या मागून रानडुकरंही आली. कुणी न खाल्लेली फळं सडून पडत होती, दडायला गवत होतं, आणि माणसाचा वास नव्हता. डुकराला आणखी काय पाहिजे? बनात पोट भरलं की ती गावाच्या ज्वारीत उतरायची. लोकांनी तक्रार केली तेव्हा बिराप्पा दोन दिवस शिट्टी घेऊन ज्वारीच्या बांधावर बसला. डुकरं शिट्टी ऐकून थांबायची, त्याच्याकडं बघायची आणि पुन्हा खायला लागायची. वहीत त्यानं 'डुकरे बेशिस्त आहेत' असं लिहिलं.

बिरोबाची यात्रा पौषी पुनवेला. त्या दिवशी पालखी गावातून निघून सरळ वाटेनं ठाण्यापर्यंत जायची. पाव तासाचं काम. पहिल्या वर्षी ती गेली. दुसऱ्या वर्षी वाटेत फांद्या आडव्या आल्या, पालखीचा रेशमी पडदा काट्याला अडकून टरकला. बिराप्पानं खांदेकऱ्यांना कदमताल येत नाही असा ठपका ठेवला. तिसऱ्या वर्षी, म्हणजे सत्त्याहत्तरच्या जानेवारीत, पुनव पाच दिवसांवर आली तेव्हा नाथाजीनं आप्पासोंना येऊन सांगितलं की वाट आता राहिलेली नाही. तो स्वतः महिनाभर मागच्या ओढ्यातून रांगत जाऊन देवाला पाणी घालत होता.

हे बिराप्पाला कळलं. वाट नाही म्हणजे काय? त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी रेकी करायची ठरवलं. बयाबाईला दुपारी जेवायला येतो म्हणून सांगितलं, गणवेश चढवला, पदकं लावली, वही खिशात घातली, फाटकाची बल्ली उचलली, आत गेला, मागं वळून बल्ली खाली टाकली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच बनात शिरला.

पहिली पन्नास पावलं ठीक गेली. मग बोरींनी दोन्ही बाजूंनी गळामिठी घातलेली दिसली. तो वाकला. मग बसला. मग आडवा होऊन सरकायला लागला, पलटणीत शिकवलं होतं तसं, कोपरांवर. आणि त्याच स्थितीत तो चिल्हारीत गेला. चिल्हार ही मोठी मायाळू वेल. तिचे काटे मांजराच्या नखासारखे उलटे असतात. आत जाणाऱ्याला ती काही म्हणत नाही, बाहेर जाणाऱ्याला सोडत नाही. बिराप्पा मागं सरकला तर सदरा धरला. उठून उभा राहिला तर विजारीला धरलं. एक हात सोडवला तर त्याच हाताला तीन ठिकाणी नवं धरलं. शेवटी तो उभ्यानंच, दोन्ही हात बाजूला पसरून, बुजगावण्यासारखा अडकला. शिट्टी तेवढी तोंडाजवळ होती. मान वाकवून त्यानं ती दातांत धरली आणि जीव खाऊन फुंकली.

शिट्टी सगळ्या शिवारात ऐकू गेली. बनाच्या कडेला दोघी-तिघी बाया शेण वेचत होत्या, त्या पाट्या टाकून गावाकडं पळाल्या. ओढ्यात नाथाजी रांगत होता, तो उलटा रांगत बाहेर आला. बिराप्पानं पुन्हा फुंकली. माळावरचे मेंढके कळप घेऊन आणखी लांब गेले. आज राखणदार लय कडक हाय, असं जो तो म्हणत होता. तो जितक्या जोरानं बोलावत होता तितकी माणसं लांब जात होती, आणि हे त्याच्याही ध्यानात आलं. पण शिट्टीचा दुसरा नियम त्यानं केलेलाच नव्हता.

दुपार टळली. जेवायला आला नाही म्हटल्यावर मात्र बयाबाई उठली. हा माणूस बर्फात उभा राहिला असेल, पण जेवण चुकवणारा नव्हता. ती फाटकाशी येऊन हाका मारायला लागली. आतून उत्तर आलं, पण शिट्टीतून. तिनं शिट्टी तोंडातून काढ म्हणून सांगितलं. हात मोकळे नाहीत, हे त्यानं तिला शिट्टी दातांत ठेवूनच सांगितलं. शेवटी त्यानं ती थुंकून टाकली आणि मग काय झालं ते सांगितलं. बयाबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून आधी पोटभर हसून घेतली. मग गाव गोळा करायला गेली.

तासाभरात सगळा हिवरदरा फाटकाशी जमला. काटं तोडायला कोयता आत न्यावा, असं कुणीतरी म्हणालं आणि लगेच त्यानं स्वतःच जीभ चावली. लोखंडाचा कायदा बिराप्पाचा नव्हता, बिरोबाचा होता; पणजोबाच्याही आधीचा. कुणी स्वतःच्या नातवासाठी मोडला नव्हता, तो राखणदारासाठी कोण मोडणार? मग माणसांनी आत शिरून हातानं वेल ओढायची म्हटलं, तर आप्पासोंनी हात वर केला. त्यांना तीन वर्षं हीच वेळ पाहिजे होती असं नंतर काही जण म्हणाले. पण त्यांच्या तोंडावर मात्र काही दिसत नव्हतं. त्यांनी आत आवाज देऊन शांतपणे विचारलं की एका झाडाखाली दोनापेक्षा जास्त माणसांनी जायचं नाही असा नियम आहे, तर आता काय करायचं? बिराप्पानं आतून तो नियम बाद केला. बनात मोठ्यानं हसायचं नाही असं होतं, पण मंडळींना हसू येतंय, तर? तोही बाद झाला. एकेक नियम आप्पासो आठवून आठवून विचारत होते आणि चिल्हारीतून एकेकाला 'बाद' म्हणून उत्तर येत होतं. प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा थोडं बारीक आवाजात. मग पाळी आली परवलीची. आप्पासोंनी आजचा शब्द विचारला.

"पिठलं," बिराप्पा आतून म्हणाला.

मग हरणाबाई पुढं झाली. ही गावातली सगळ्यात म्हातारी बाई, चाळीस शेरडांची मालकीण, आणि तिच्या शेरडांना तीन वर्षं बन बंद होतं. शेरडं आत सोडायला मोकळीक आहे का, एवढंच तिनं विचारलं. दसरा होऊन गेलेला होता, जुन्या कायद्यानं तर केव्हाच होती. बिराप्पा म्हणाला, सोड. तिनं जिभेनं टकटक असा आवाज केला आणि चाळीस शेरडं फाटकाला वळसा घालून आत घुसली.

शेरडाला बोरीचा आणि चिल्हारीचा पाला म्हणजे सणाचं जेवण. काट्यांच्या मधून ओठ लांबवून ती एकेक पान खुडत पुढं सरकायला लागली. त्यांच्या पायांखाली गवत बसत गेलं, मागून माणसं वेली हातानं बाजूला ओढून टाचेखाली दाबत गेली. तरी बिराप्पापर्यंत पोचायला वेळ होता. हरणाबाई बारकी, वाकलेली. ती शेरडांच्या बरोबरीनं खालून सरकत त्याच्यापाशी आधी पोचली आणि त्याच्या पायांशी बैठक मारून बसली. बोलायला तिला माणूस पाहिजेच होतं, आणि हा तर कुठं जाणारा नव्हता.

त्यानं काहीतरी बोलायचं म्हणून तिला विचारलं, की हे एवढं रान पहिल्यांदा लावलं कुणी. त्याला वाटत होतं कुणातरी राजानं लावलं असेल.

"लावलं न्हाई रं कुणी," हरणाबाई म्हणाली. "थुकलंय."

आणि मग तिनं त्याला सगळं सांगितलं. वाटेच्या दोन्ही अंगाला बोरी गोड का, तर आंबट बोर लागलं की माणूस तिथंच टाकतो आणि गोड लागलं की चघळत चार पावलं जातो, मग बी थुंकतो. शंभर-दोनशे वर्षं माणसं चालली आणि थुंकली. गोड बोरी वाटेवर आल्या, आंबट मागं राहिल्या. पलीकडच्या धोंड्यापाशी चिंचांची दाटी आहे, कारण तिथं बाया भारे टेकायच्या आणि चिंचोके टाकायच्या. सीताफळी आहेत तिथं म्हातारे वाघ-बकरी खेळत बसायचे. एक डाव आणि एक फळ. आणि मधे वीस हात पट्टी रिकामी आहे, तिथं काहीच का नाही? तर तिच्या सासूच्या वेळी दोन भावकींचं भांडण झालं, एक इकडं बसायची, एक तिकडं, मधे कुणीच बसलं नाही, म्हणून तिथं झाड नाही. शेरडं खालचा पाला खायची म्हणून वाट उघडी राहायची. माणूस येत होता म्हणून डुक्कर येत नव्हतं. "तू राखणदार झालास," ती म्हणाली, "आन बनातली माणसंच बंद केलीस. मग बन कुणी करायचं?"

बिराप्पाच्या तोंडासमोर एक फांदी आली होती, तिला पिकलेली दोन बोरं होती. हरणाबाईनं एक तोडून त्याच्या तोंडात घातलं. गोड होतं. सतरा वर्षं तो परमुलखात होता आणि तीन वर्षं फाटकावर. वीस वर्षांत त्यानं या बनातलं काही खाल्लं नव्हतं. तो चघळत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. काट्यांमुळं आलं असं तो नंतर सांगायचा.

शेरडं पोचली तेव्हा त्यांनी चिल्हारीबरोबर त्याच्या एका बाहीचाही समाचार घेतला. खिशातून वही बाहेर आली होती. एका बोकडानं ती ओढून काढली, वास घेतला आणि तोंड फिरवलं. तो बोकड त्या आधीच्या आठवड्यात नाथाजीचं घोंगडंसुद्धा खाऊन बसला होता. संध्याकाळच्या आत बिराप्पा बाहेर आला. अंगावर खाकी कमी आणि ओरखडे जास्त होते. बयाबाईनं त्याला पिठलं-भाकरी वाढली आणि तो उभ्यानंच जेवला, कारण बसायचं कुठं ही अडचण होती. तीन दिवस ती सुईनं त्याच्या पाठीतले काटे काढत होती.

पण पुनव चार दिवसांवर होती आणि वाट अजून पाव सुद्धा उघडली नव्हती. पातं लावायचं नाही, मग उघडायची कशी? उपाय आता सगळ्यांनाच समोर दिसत होता. आप्पासोंनी दवंडी दिली की उद्यापासून पुनवेपर्यंत घरात चूल पेटवली तरी चालेल, नाही पेटवली तरी चालेल, पण सगळ्यांनी बनात यायचं आणि खायचं. बोरांचे दिवस होते, कवठं पिकली होती. सगळं गाव सगळी शेरडं-मेंढरं घेऊन आत शिरलं आणि खात खात पुढं सरकायला लागलं. एक बोरी संपली की पुढची. जिथं बोर तिथं माणूस, जिथं माणूस तिथं पायवाट. बिराप्पा पालथा झोपून घरातनं तो गलका ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही. पाठीला हळद लावून तोही गेला आणि गावानं बघितलं की याच्याइतकं बोरं खाणारा माणूस पंचक्रोशीत नाही.

पुनवेच्या सकाळी वाट ठाण्यापर्यंत पोचली. फक्त ती सरळ राहिली नव्हती. माणसं गोड झाडांच्या मागं गेली होती, त्यामुळं वाट आधी डावीकडं चिंचेशी गेली, तिथून मागं वळून एका फार चांगल्या बोरीला वेढा घालून आली, मग कवठाकडं, आणि एका ठिकाणी तर गाठ मारल्यासारखी स्वतःलाच ओलांडून गेली. पालखीला पाव तासाऐवजी अडीच तास लागले. वाजंत्री पुढं, पालखी मागं. आणि त्या गाठीपाशी वाजंत्र्यांना समोरून पालखी येताना दिसली, तेव्हा कुठल्या गावची पालखी म्हणून त्यांनी पाया पडून वाट दिली. खांदेकरी प्रत्येक झाडाशी खांदा बदलायचे आणि खांदा बदलताना हात वर जायचाच. नाथाजी म्हणाला, देवानं इतक्या निवांतपणे आपलं रान कधीच बघितलं नसेल. पुढच्या वर्षी वाट सरळ करावी असं कुणी म्हटलं नाही. बायकांचं तर म्हणणं पडलं की यात्रा आता कुठं यात्रेसारखी झाली.

माणसं परत यायला लागली तशी डुकरं उठली आणि ओढ्यापलीकडं शेजारच्या वाडीत गेली. महिनाभरानं त्या वाडीचे चौघे पंच बिराप्पाच्या दारात आले. त्यांच्याकडंही पंधराएक एकर गायरान होतं, लोक ऐकत नव्हते, डुकरं मातली होती, आणि हिवरदऱ्यात एक फार कडक राखणदार आहे एवढीच कीर्ती तिकडं पोचली होती. त्यांनी फाटकासाठी वासेही आणले होते. बयाबाई आत भाकरी थापताना थांबली.

बिराप्पानं त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि बराच वेळ मिशीला पीळ देत बसला.

"वासं परत न्या," तो शेवटी म्हणाला. "नेम आत्ताच सांगत न्हाई. आदी दोन म्हैनं तुमचं रान खाऊन बघतो, मग काय ते ठरवू."

पंचांनी एकमेकांकडं बघितलं, पण पलटणीचा माणूस आहे, त्याची काहीतरी पद्धत असेल, म्हणून हो म्हणाले. दुसऱ्या सोमवारपासून बिराप्पा सकाळी भाकरी बांधून जायला लागला, आणि बरोबर हरणाबाईची पाच शेरडं. झाडाझाडाखाली बसायचा, तिथल्या म्हाताऱ्यांना विचारायचा की इथं कोण बसायचं, काय खायचं, कुणाशी भांडलं. एकोणिसाव्या दिवशी तो पोट धरून दुपारीच घरी आला आणि दोन दिवस आडवा होता. तिसऱ्या दिवशी त्यानं शेजारच्या वाडीला निरोप धाडला, की पहिला नेम तयार आहे: ओढ्याकाठच्या एकट्या कवठाचं फळ उपाशीपोटी खाऊ नये. बाकीचे नेम सवडीनं कळवतो.